टपातली ट्यूब

विसरवाडीच्या पंक्चरवाल्या दादांनी मला सावरलं, हे आधी सांगतो. दारू सोडली आणि संध्याकाळ सरेना. माझं गाव लांब, इथे भाड्याच्या खोलीत एकटा, बोलायला कोणी नाही, पाय गुत्त्याकडे वळायचे.

दादा टायरशी बोलतात, माणसाला काही विचारत नाहीत. एकदा गुत्त्याकडे निघालो असताना हाक मारून त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा टप आणि ट्यूब ठेवली. "बुडबुडा दिसना का सांगजो." म्हणजे बुडबुडा दिसला की सांगायचं, तिथेच भोक.

अंधारेपर्यंत शोधलं. नाहीच.

"दिसना नही? मंग उद्या देख."

रोज तेच. शेवटी म्हणालो, "दादा, हिला भोकच नाही."

"माले मालूम शे. पन तू रोज सरळ खोलीवर गया ना?"

संध्याकाळची धास्ती अजून वाटते. दादांचे गुडघे दुखतात. एक दिवस ट्रकचं चाक त्यांच्याऐवजी मी उतरवीन.