वाऱ्याला वाट

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही ठेवायला मन धजत नाही. घरातली पहिली इंजिनिअर मी. आकडा जुळल्याशिवाय काही मानायचं नाही, हे कॉलेजनं शिकवलं... म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

कोल्हापुरात एका छोट्या डिझाईन ऑफिसात मी नुकतीच लागले होते. काम असं — आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या एका निमुळत्या वस्तूला हवा किती मागे ओढते, म्हणजे तिचा ड्रॅग किती, ते सॉफ्टवेअरवर काढायचं. मला कायम करायचं की नाही, ते या पहिल्याच कामावर ठरणार होतं.

माझी आत्या कोडोलीला असते. तिनंच हट्टानं मला शिकायला पाठवलं. पूर्वी तिच्या अंगात वारं यायचं, पुढं ते बंद झालं. मी वाऱ्याचं काम करते म्हटल्यावर तिनं विचारलं होतं, "म्हंजे कॉम्प्युटरच्या अंगात येतं व्हय गं?" दोघी पोट धरून हसलो होतो.

पण माझा ड्रॅगचा आकडा काही केल्या एका जागी थांबेना. वर जायचा, खाली यायचा, श्वास घेतल्यासारखा. सर म्हणाले, "संध्याकाळी पार्टी येणार हाय काम बघायला. जमत नसंल तर आत्ताच सांग, दुसऱ्याला बसवतो की."

दुपारी जेवून स्क्रीनसमोर बसले. तांबड्या-निळ्या लाटा... खिडकीच्या पडद्यातून आलेलं ऊन टेबलावर हलत होतं. डोळा लागला की नाही, सांगता येत नाही. मी त्या निळ्यात उभी होते. वारा पाण्यासारखा अंगावरून वाहत होता, आवाज कसलाच नव्हता... आणि कुठूनतरी आत्याच्या चुलीचा वास.

फोन वाजला. आत्याच.

"अगं, जरा पडलेली. सपनात समदं तांबडं-निळं, आन मधी एक दाभण. वारं त्याच्यावरनं जातंय, भिंतीला थडकून माघारी येतंय. कुणाला कोंडलंयस गं?"

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कोण सांगतंय? वाट दे की त्याला. जीव घाबरा झालाय माझा."

मी सेटिंग उघडलं. वस्तूभोवती हवेचं एक चौकोनी खोकं आखावं लागतं. त्याच्या कडा मोकळ्या ठेवायच्या, त्या मी भिंती म्हणून दिल्या होत्या, त्याही फार जवळ. लाट तिथं आपटून शेपटीवर परत येत होती. कडा लांब सरकवल्या, मोकळ्या केल्या. पार्टी यायच्या आत आकड्याची रेघ सरळ झाली होती.

नोकरी टिकली. सर म्हणतात, चूक आज ना उद्या सापडलीच असती. असेलही. पण ते चित्र आत्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोन साधा, बटणांचा.

रविवारी लॅपटॉप घेऊन कोडोलीला गेले आणि तिला पहिल्यांदा ते दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग वस्तूच्या मागं, निळ्यातल्या रिकाम्या जागी तिनं अलगद बोट ठेवलं.

"हितं तू हुबी हुतीस," म्हणाली.

त्या दुपारी मला काय दिसलं, ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा... मला अजून सुचलेलं नाही.