बाजाराच्या दिवशी लावलेला बॅकअप

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय, म्हणून इथं बोलते.

मी काष्टीत जनावरांच्या दवाखान्यात नोंदी ठेवते. कुणाची गाय कधी भरवली, कधी व्यायणार, सगळं कॉम्प्युटरवर. आज सकाळी तो कायमचा बंद पडला. म्हटलं, घाबरायचं कशाला, बॅकअपची हार्ड डिस्क आहे की! दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर रिकामी.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो थंडपणे म्हणाला, "ताई, दर शनिवारी दुपारी दोनला आपोआप कॉपी होईल असं लावून दिलंय ना."

शनिवारी! अरे बाबा, शनिवारी काष्टीचा बाजार. बारालाच मेन स्विच पाडून आम्ही बाजारात. तू इथलाच ना? आणि आठवड्यातून एकदाच? इथं गाई रोज येतात!

तोंडाला येईल ते बोलले. गाय घेऊन आलेले एक तात्या ऐकत होते. म्हणाले, "पोरी, आमी गाय भरवली की त्याच दिशी गोठ्याच्या दारावर खडूनं लिवतो. अन् धारंला गेलं की रोज बघतो बी."

वर्षभर दर शनिवारी तो स्विच मीच पाडत होते. आणि ती डिस्क एकदाही उघडून बघितली नव्हती.

तुम्ही तुमची बॅकअपची डिस्क शेवटची कधी उघडून बघितली?