लाटण्याची खोच

आमच्या भाऊजींचं सगळंच जरा जास्त. चहात आलं जास्त, गाडीचा वेग जास्त, आणि तबल्याची लय तर इतकी की भजन म्हणता म्हणता मला धाप लागायची. म्हणून आम्ही त्यांना ‘जराजास्त’च म्हणायचो. ह्यांचे नागपूरचे मित्र, इथं अमेरिकेत कॅरी गावात आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. भाऊजींना रिव्हॉल्वरचा नाद लागला. विकतची काडतुसं पसंत नाहीत, म्हणून गराजमध्ये हातानं भरायचे. रिकामी पुंगळी घ्यायची, बंदुकीची दारू भरायची, वर गोळी बसवायची. दारू किती, ते पुस्तकात छापलेलं. पण पुस्तकाचं ऐकतील ते भाऊजी कसले! “वहिनी, पुस्तक लिहिणारे घाबरट असतात हो.”

नलूचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, जीव टांगणीला. “बोटं उडाली तर गणपतीत तबला काय पायानं वाजवणार?”

“लोखंड आहे गं ते, काही होत नाही!”

एका रविवारी नलूकडे पुरणपोळ्यांचा घाट होता. पुरण तयार, कणीक तयार, लाटणं गायब. शोधत आम्ही दोघी गराजमध्ये गेलो. भाऊजी नुकतेच नेमबाजीच्या रेंजवरून आलेले. उडवलेल्या पुंगळ्या रिव्हॉल्वरमध्ये घट्ट अडकलेल्या, आणि हे एक लाकडी काडी आत टेकवून त्या लाटण्यानं ठोकून काढतायत! लाटण्याला ही एवढी खोच पडलेली.

“दाब जास्त झाला ना, की पुंगळी फुगते,” भाऊजी आम्हालाच शिकवायला लागले.

नलू ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “म्हणजे ते बिचारं बास म्हणतंय, आणि तुम्ही त्याला लाटण्यानं मारताय?”

भाऊजी खो खो हसले. मग हसता हसता थांबले आणि आपल्या बोटांकडे बघत बसले. संध्याकाळी उरलेली सगळी काडतुसं त्यांनी एकेक करून उकलली. त्यानंतर दारू पुस्तकाइतकीच. तबला मात्र नाही हं! त्या गणपतीत दहाही बोटांनी असा पळवला की आरतीला माझा आवाजच उरला नाही.

पुढे ती दोघं लेकीकडे श्रूजबरीला गेली. निघताना भाऊजींनी ते लाटणं माझ्या हातात ठेवलं. “नलूनं नवीन घेतलंय. हे तुम्हाला.”

खोचेमुळे माझ्या पोळीवर अजूनही एक बारीक उंचवटा उठतो. नात विचारते, “आजी, व्हॉट इज धिस?”

मी सांगते, “इथं आमचे भाऊजी थांबले, बाई. आयुष्यात एकदाच.”