उभ्यानं घ्यायचं पातळ
नव्या कापडाच्या खळीचा वास आला की चंद्रपूरला हमरस्त्यावर असलेलं ते दुकान आठवतं. बहिणीच्या लग्नाचं पातळ घ्यायला आई आणि मी घुग्घुसहून आलो होतो. दुकान नुकतंच नवं केलेलं. बसायची पांढरी गादी गेली होती, काचेचं काउंटर आलं होतं. आईनं सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि गार फरशीवर अनवाणी उभी राहून बसायला जागा शोधू लागली. "आता उभ्यानंच पाहा लागते, बाई," दुकानदार म्हणाला. "लेकीच्या लग्नाचं पातळ उभ्यानं घेऊ? भाजी होय का थे?" म्हणत ती माघारी फिरली. त्यानंतर आई कापडाच्या दुकानात कधी गेली नाही. तिची लुगडी आम्हीच आणायचो. तिला कोणता रंग आवडायचा, हे मला आजही सांगता येत नाही.