वेगळी सिगडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. अण्णा गेले तेव्हा सगळ्या शाळेत माझ्याइतकं कुणी रडलं नसेल, आणि ते रडणं खरं होतं; पण कशासाठी होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं.

अण्णा म्हणजे आमच्या हिंगोलीच्या शाळेतले दिगंबर सर. नरसीच्या अलीकडच्या एका खेड्यातून रोज मोटारसायकलवर येत. गणित शिकवत, पण फळ्यावर उत्तर लिहून झालं की खडू खाली ठेवून पोरांनाच विचारत, "पटलं का? न्हाई पटलं तर न्हाई म्हना. मास्तरला काय शिंगं असतेत काय?" गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांसमच्छी वर्ज्य. गावातल्या देवळात एकादशीच्या भजनाला वीणा त्यांच्याच गळ्यात असायची. कुणाचाही डबा ते खात, फक्त आधी एकदा विचारत, "बराबर हाय नं?" आपण 'हो' म्हटलं की हात धुवायला जात. दुसऱ्यांदा कधी विचारत नसत. म्हणत, "परत इचारलं की समोरच्याला खोटं पाडल्यासारखं व्हतं."

मी मुख्याध्यापक झालो तेव्हा शिंदे सरांनी पार्टी मागितली. नांदेड रस्त्यावर नवंच ग्रिल हॉटेल झालं होतं. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची सिगडी, आपल्यासमोर भाजायचं. मला अण्णा हवे होते. नवा होतो तेव्हा वर्गात उभं कसं राहायचं ते त्यांनीच मला शिकवलेलं. ते म्हणाले, "मी तिथं येऊन काय करू, माधवराव?" मी म्हटलं, तुमच्यासाठी वेगळी सिगडी सांगतो. फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "एक टेबल को एकच सिगडी रहती साब." मी अण्णांना सांगितलं, वेगळी मिळते.

जेवण अगदीच बेकार निघालं. निखारे विझत आलेले, डोळ्यांत धूर, मागवलेलं वेळेवर येईना. दोन टेबलं जोडलेली असल्यानं वेटरने दोन सिगड्या मांडल्या, त्यातली एक अण्णांसमोर. पण तेलाचा ब्रश एकच होता, आणि चिकन उतरवून त्याच सळ्यांवर तो पनीर ओवत होता. पठाण सरांना ते दिसलं. ते हळूच म्हणाले, "अण्णा, तुम्ही दाल-रोटी घ्या. यहाँ का भरोसा नहीं." शिंदे हसले, "पठाण सर, हॉटेलवाल्याच्या पोटावर पाय देऊन राहिले तुमी." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाय नं, माधवराव?"

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण माझी पार्टी, माझी खुर्ची, आधीच सगळं बिघडलेलं. मी म्हटलं, "मी स्वतः फोन करून विचारलंय, अण्णा."

दोन तुकड्यांनंतर ते थांबले. "यात दोऱ्यावानी काहीतरी लागून राहिलं."

"पनीरच करपलंय. खा."

ते त्यांनी गिळलं. मग ताट बाजूला सारून आमचं जेवण होईपर्यंत नुसतं पाणी पीत बसले.

त्या आठवड्यात त्यांच्या गळ्यात माळ दिसली नाही. मी कार्यालयात एकटा असताना आले आणि दार लोटून घेतलं. "माधवराव, सिगडी येगळीच व्हती नं?"

आयुष्यात पहिल्यांदा ते एकच गोष्ट परत विचारत होते. मी म्हटलं, "हो, वेगळीच."

"तुमी म्हन्ता तर आसंल. पन माझ्या जिभंला पटून न्हाई राहिलं."

"मग ज्या महाराजांनी माळ घातली त्यांच्याकडून पुन्हा घालून घ्या."

"महाराज इचारतील, कुठं जेवला, कोनी नेलतं. मला खोटं बोलता येत न्हाई, अन् तुमचं नाव घ्यायचं न्हाई. आमच्या गावचे समदे लेकरं तुमच्या शाळंत हायेत, गावाचा तुमच्यावरला इस्वास जाईल. राहू द्या."

राहूच दिलं. एकादशीला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली, अण्णा मागे चपलांजवळ बसू लागले. मास्तरनं शहरात तोंड बाटवलं, असं गाव म्हणू लागलं. कुणी तोंडावर विचारलं तर ते म्हणत, "चुकलं माझ्याकडून." शाळेत मात्र माझ्याशी तसेच वागले. दुपारी माझा डबा उघडत आणि आधी विचारत, "बराबर हाय नं?" मी 'हो' म्हणून डबा पुढे सरकवायचो.

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला मी गावी गेलो. अण्णांच्या पत्नी कमलवहिनी ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "गळ्यात माळ घालून न्या म्हनलं, भाऊ. तर भजनी मंडळी म्हन्ली, त्यानंच काढली, आमी कशी घालावी? काहून काढली वो त्यांनी? तुमाला कधी बोलले का?"

मी म्हणालो, "नाही."

त्या देवळात, भजनी मंडळींसमोर आणि कमलवहिनींसमोर उभं राहून मला एवढंच सांगायचं आहे की, अण्णांनी माळ सोडली नव्हती. त्यांना ते बाटलेलं मी खायला घातलं, आणि विचारल्यावर दोनदा खोटं बोललो. ते अजून सांगितलेलं नाही.