पाचवी सही

ऑफिसात तिला सगळे खणवाली म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे खणवाली. तिला ते ठाऊक होतं, आणि लोक आपल्याबद्दल याहून वाईट काही बोलत नाहीत यावर ती समाधानी होती.

तिचं काम सांगायला सोपं, करायला जिवावरचं. डॉक्टर, शाळा, कचेऱ्या दाखले देतात: अमुक माणूस जन्मला, शिकला, हयात आहे. हे दाखले ब्लॉकचेनवरच्या एका नोंदवहीत बसतात, आणि एकदा बसले की कुणाच्या बापाला खोडता येत नाहीत. ती वही चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, तो मात्र अधूनमधून बदलावा लागतो. जुना उतरवून नवा चढवायचा, हे तिचं काम. नोंदी कपाटातल्या खणांसारख्या ओळीने असतात. प्रोग्रॅम नवा आला तरी खण तेच, त्याच क्रमाने. नवा खण हवाच असेल तर शेवटी जोडायचा. मधे घुसवला की पुढचं सगळं एका खणाने सरकतं, आणि एकाच्या खणात दुसऱ्याचं वाचलं जातं.

हे ती पुस्तकातून शिकलेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी, नवखी असताना, तिने एक खण मधे घुसवला होता. दोनशे चौदा जिवंत माणसं दुपारभर नोंदवहीत मयत झाली. चूक निस्तरेपर्यंत एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. दवाखान्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. काचेजवळ वाकून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, जरा बघून सांगता का? मी आहे ना?"

त्यांच्या आवाजात खरोखरच शंका होती. ती शंका तिच्या मनातून पुढे कधी गेली नाही. तेव्हापासून ती खण एकदा मोजी, पुन्हा मोजी, आणि घरी जायला निघाल्यावर चप्पल काढून परत येऊन मोजी.

त्या दिवशी तिला सांभाळून घेतलं ते सरांनी. नोंदवहीचे पाच किल्लीदार होते, त्यात सर सगळ्यात जुने. बदल मांडला की दोन दिवस थांबायचं. तेवढ्यात पाचांतल्या एकाने जरी हरकत घेतली तरी तो बाद. हरकत आली नाही, तर मग पाचांपैकी तिघांनी आपापल्या किल्लीने सही करायची. किल्ली म्हणजे बोटाएवढं यंत्र. सरांनी आयुष्यभर इतक्या हरकती घेतल्या की लोक त्यांना हरकतसर म्हणू लागले. सही करतानाही ते शेऱ्यात नुसतं 'पाहिलं' लिहीत, जणू बरं म्हटलं तर जीभ झडेल.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. तिने त्यांचा चेहरा शेवटचा पाहिला होता. किल्ली मात्र यादीत तशीच राहिली. कुणी काढायला धजेना, आणि टाळाटाळीत ही सगळ्यांच्या वरताण. शेवटी साहेबांनी बजावलं, की या अपग्रेडमध्ये गेलेल्या माणसाची किल्ली निघालीच पाहिजे. सोमवारी तिने बदल मांडला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आता आपली चूक पकडणारं कुणी उरणार नाही, याची तिला खरी भीती होती.

मंगळवारी सकाळी साडेदहाला, लख्ख ऊन पडलेलं, शेजारच्या टेबलावर चहा चाललेला, आणि पडद्यावर हरकत आली. किल्ली पाचवी, म्हणजे सरांची. शेरा: मधे घुसवू नकोस.

सवयीने तिने खण मोजायला घेतले. सरांचं नाव निदान 'माजी किल्लीदार' म्हणून राहावं, या मायेपोटी तिने किल्लीदारांच्या खणालगत एक नवा खण केला होता. म्हणजे मधेच. अकरा वर्षांनी तीच चूक, आणि या खेपेला वहीत चाळीस हजार माणसं होती.

ती तडक सरांच्या घरी गेली. सरांच्या पत्नीने, काकूंनी, काही न विचारता तिला सरांची खोली उघडून दिली. आत कॉम्प्युटर चालू होता, त्याला सरांची किल्ली लावलेली. पंख्याची बारीक घरघर दोन वर्षं तशीच चाललेली. खुर्ची टेबलापासून जरा मागे होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"बंद नाही केला कधी?" तिने विचारलं.

"आवाज असला की घरात कुणीतरी आहेसं वाटतं गं," काकू म्हणाल्या. "खुर्ची मी रोज आत सारते. राहत नाही ती."

हे त्यांनी दूध उतू गेल्याचं सांगावं तितक्या सहज सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर चाललेला सरांचा प्रोग्रॅम वाचला. जेमतेम चाळीस ओळी. खणांचा क्रम हललेला दिसला की हरकत घ्यायची आणि ते तीन शब्द लिहायचे. सही करणं त्याला येतच नव्हतं. म्हणजे माणूस गेला, पण जाताना हिच्यावर पहारा बसवून गेला. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही.

काकूंना विचारून तिने कॉम्प्युटर बंद केला, किल्ली काढून रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. घर एकदम गप्प झालं. काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

बुधवारी तिने बदल नव्याने मांडला, नवा खण शेवटी जोडून. दोन दिवस हरकत आली नाही. तिने किती वेळा पडदा पाहिला याला गणती नाही, आणि खरं सांगायचं तर ती हरकतीची वाट पाहत होती. शुक्रवारी दुपारी तिने आपल्या किल्लीने सही केली, मागोमाग साहेबांनी त्यांच्या. तिसरी सही दुसऱ्या गावच्या तपासनीसाची, तोही किल्लीदार, चार वाजता यायची होती. चारला दहा कमी असताना तिसरी सही उमटली. आभार मानायला तिने फोन लावला.

"मी कुठे केली अजून?" तपासनीस म्हणाला. "आत्ता लॅपटॉप उघडतोय."

तिने पर्स उघडली. किल्ली रुमालात तशीच होती, गार. पडद्यावर सही पाचव्या किल्लीची होती, आणि शेऱ्यात सरांनी जन्मात कधी न लिहिलेलं लिहिलं होतं: हरकत नाही.

मानेमागे थंडगार काहीतरी सरकलं. मागे वळून पाहायची तिची छाती झाली नाही. फोनवर तपासनीस विचारत होता, मग आता करू की नको.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिसरी आली."

तिने बदल लागू करायचं बटण दाबलं. यादीत चार किल्ल्या उरल्या. मग तिने पर्स उचलली, चप्पल घातली आणि घरी गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने खण पुन्हा मोजले नाहीत.