डूगल्डने पारखलेला शर्ट

एप्रिलच्या, म्हणजे तिकडच्या थंडीच्या, तोंडावर न्यूझीलंडमधल्या ओमारामा गावात कुणी शिकारीचे कपडे घ्यायला निघालं, की लोक एकच विचारायचे, "डूगल्डला दाखवलंस का?"

डूगल्ड जन्मभर मेंढ्यांमागे आणि हरणांमागे फिरलेला. स्वभावाने तुसडा, चहा पाजायचा तोही उपकार केल्यासारखा. पण अंगालगतच्या मेरिनो लोकरीच्या शर्टाचा विषय काढा, म्हातारा खुलायचा. "हाताने काय चाचपता? हाताचे दगड झालेत. गळ्याला लावून बघा. चालणार असाल तर पातळ घ्या, टपून बसणार असाल तर जाड. खांद्यावर शिवण नको, तिथे पिशवीचा पट्टा काचतो." आणि शिकार संपेपर्यंत शर्ट धुवायचा नाही. रात्री झुडपावर टाकायचा, सकाळपर्यंत वास जातो. माणसाचा वास लागला की हरीण थांबत नाही, हे तिथली पोरंही जाणतात.

रॉस हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. डूगल्डची बायको इसोबेल हिने घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे दोन शर्ट केले होते, एक नवऱ्याला, एक रॉसला. गळ्याशी हिरवी पट्टी, म्हणजे हरवले तर ओळखू यावेत. इसोबेल गेली त्या वर्षी डूगल्डने ट्रंक उघडलीच नाही, आणि त्याच्या शर्टाची कसरीने चाळण केली.

पुढे रॉसने दुकान काढलं. एक नमुना घेऊन आला. "डूगल्डा, तुझी मान डुलली तरच मागवतो."

डूगल्डने तो गळ्याला लावला, डोळे मिटले. "अस्सल आहे. हाच माग."

माल आला, दारावर पाटी लागली: 'डूगल्डने पारखलेला'. डूगल्ड वरवर करवादला, पण पाटी बघायला मुद्दाम त्या रस्त्याने गेला. पहिला शर्ट रॉसने त्यालाच दिला. मित्राने दिलेला शर्ट कुणी गळ्याला लावून तपासतं का? डूगल्डनेही नाही तपासला. तिथेच चुकला बिचारा.

एप्रिलमध्ये हरणांचे नर माजावर आले, डोंगर त्यांच्या डरकाळ्यांनी भरला. डूगल्ड नवा शर्ट घालून चढला. दोन रात्री झुडपावर टाकूनही शर्टाचा आंबूस वास हटेना. वय झालं, घामच आता असा येत असेल, असं म्हणून त्याने स्वतःलाच दोष दिला. तिसऱ्या दिवशी एक मोठा नर अगदी जवळ आला, नाक वर केलं, भुंकल्यासारखा ओरडला आणि पसार झाला.

डूगल्ड डोंगरावरच्या झोपडीत परतला. शर्टाच्या काठाचा धागा ओढून त्याने काडी लावली. लोकर जळते ती केसासारखी, राख होते आणि विझते. हा धागा वितळला, ठिबकला आणि पत्र्यावर काळा मणी होऊन चिकटला. निम्मं पॉलिएस्टर! म्हणूनच घामाचा वास सुटत नव्हता. आणि सबंध खोऱ्यातली माणसं त्याच्या शब्दावर हेच अंगात घालून थंडीत बसली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली उतरला तो तडक दुकानात. तिथे शेजारच्या मेंढवाड्यावरची मेव्हिस शर्ट निवडत होती. "बरं झालं काका आलात! हा घेऊ ना?"

"नको घेऊस पोरी. तो खोटा आहे."

मेव्हिसने शर्ट खाली ठेवला, दोघांकडे पाहिलं आणि निघून गेली. रॉस कावराबावरा झाला. "अरे, काय हे गिऱ्हाइकासमोर! अस्सल माल कुणाला परवडतो? सगळेच मिसळतात."

"नमुना अस्सल होता."

"नमुना नमुनाच असतो रे."

"लोकांना फसवलंस ते फसवलंस. निदान मला तरी खरा द्यायचास."

रॉस काउंटरकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, तुला आता कळणार नाही."

हे मात्र डूगल्डच्या काळजात घुसलं. ज्याच्या बरोबर एका दोराला धरून हिमनदी ओलांडली, त्यानेच केसाने गळा कापला होता. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर रॉसच्या कॉलरकडे गेली. आत हिरवी पट्टी दिसत होती.

"तू स्वतः काय घातलंयस, रॉस?"

रॉसचा हात गळ्याकडे गेला.

"काढ तो."

"डूगल्डा, इथे? थंडी आहे..."

"तुझ्या दुकानात थोडे का शर्ट आहेत? मी पारखलेले! त्यातला घाल एक. माझ्या बायकोचा काढ."

रॉसने काढला. म्हातारं, पांढरं, उघडं अंग घेऊन तो काउंटरमागे उभा राहिला. डूगल्डने शर्टाची घडी घातली, जाताना दारावरची पाटी उपटली आणि काखेत मारली.

शर्ट रॉसच्या अंगाने अजून ऊबदार होता, त्याच्या तंबाखूचा वास मारत होता. डूगल्डने घरी येऊन तो झुडपावर टाकला. सकाळी उठल्याबरोबर जाऊन हुंगला. तंबाखू नाही, घाम नाही, रॉस कुठेच नाही. नुसती इसोबेलची स्वच्छ लोकर. तेव्हा मात्र म्हातारा शर्टात तोंड खुपसून रडला, आणि रडता रडता रॉसला शिव्या देत राहिला.